पहारा आपला, खेळ त्यांचा

घरात कुणालाही ताप आला की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘व्हायरल असेल, तीन दिवसांत उतरेल.’ आपली आई हेच म्हणायची, आता आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. झाकणभर औषध, मऊ भात, कपाळावर पाण्याची पट्टी, आणि चौथ्या दिवशी पोर दप्तर लावून शाळेत.

ज्या घरात मुलाला ब्लड कॅन्सर झालाय, तिथे मात्र हे वाक्य सोडून द्यावं लागतं. सवय जुनी असते, त्यामुळे ती सुटायला वेळ लागतो.

माझ्या मुलाला ‘एएलएल’ आहे. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया तो हाच. सध्या त्याचा मेंटेनन्स, म्हणजे उपचारांचा शेवटचा टप्पा, चालू आहे. रोज रात्री एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसऱ्या गोळ्या, आणि ठरल्या तारखेला सीबीसी, म्हणजे रक्ततपासणी. तुमच्यापैकी जे याच वाटेवर आहेत त्यांना हे सगळं पाठ असेल. जे नाहीत, त्यांच्याशीही मला बोलायचंय. आपली मुलं शेवटी एकाच वर्गात, एकाच बसमध्ये, एकाच जिन्यात भेटत असतात.

निदान झालं की आपण सगळे एक आकडा शिकतो, एएनसी. म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी किती आहेत ते. पाचशेच्या खाली गेला की घरातलं बोलणंच कमी होतं. रिपोर्ट मोबाइलवर आला की बाकी काही न वाचता बोट आधी त्याच ओळीवर जातं. आकडा चांगला असला की जीव भांड्यात पडतो आणि मनात येतं, चला, या रविवारी भाचीच्या बारशाला जाऊन येऊ.

इथेच थोडं थांबायला हवं. आमच्या डॉक्टरांनी मला त्याचं कारण सोसायटीच्या वॉचमनचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. न्यूट्रोफिल हे गेटवरचे वॉचमन. बॅक्टेरिया किंवा बुरशी आत शिरली की आधी धावतात ते. व्हायरसचा बंदोबस्त मात्र मुख्यतः लिम्फोसाइट नावाच्या दुसऱ्या पेशींकडे असतो. चोराचा चेहरा लक्षात ठेवणारे वॉचमन ते. एएलएलमध्ये बिघडतात त्या याच घराण्यातल्या पेशी, आणि उपचारातली औषधं आणि स्टेरॉइड निरोगी लिम्फोसाइटही कमी करतात.

म्हणून मेंटेनन्समधल्या मुलाचा एएनसी छान असेल, डोक्यावर केस परत आले असतील, तो घरभर पळत असेल, तरी कांजिण्या आणि गोवर यांच्यापुढे तो अजूनही उघडाच असतो. काउंट चांगले आले की आनंद जरूर करावा. पण पहारा उठवू नये.

आता तापाचं बोलू. आपण काय करतो? आधी कपाळाला हात लावतो. ‘अंग जरा कोमट लागतंय’ म्हणतो. थर्मामीटर लावतो, ९९.८. दहा मिनिटांनी पुन्हा लावतो. नवरा म्हणतो, सकाळपर्यंत बघू या. खरं तर आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. रात्री दोन वाजता गाढ झोपलेल्या पोराला उठवायचं, रिक्षा शोधायची, पुन्हा सुई, पुन्हा ॲडमिशन, उद्याची रजा, मोठ्या लेकीची शाळा. हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून जातं आणि सकाळ फार दूर वाटत नाही.

माया कमी पडते म्हणून आपण थांबत नाही, थकलेलो असतो म्हणून थांबतो. त्यामुळेच रात्री दोनला विचार करायची वेळच येऊ नये. निर्णय आधीच, दिवसाउजेडी घेऊन ठेवावा आणि कागदावर लिहून फ्रिजवर लावावा. साधारणपणे सांगितलं जातं ते असं. तोंडात लावलेल्या थर्मामीटरवर ताप एकदा जरी १०१ दिसला, किंवा १००.४ च्या वर तासभर टिकला, तर फोन करायचा आणि निघायचं. तुमच्या हॉस्पिटलनं दुसरा आकडा दिला असेल तर तोच तुमचा आकडा.

तोवर पॅरासिटामॉल द्यायचं नाही. ताप दबला की डॉक्टरांना खरं चित्र दिसत नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांना तर विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही. गुदद्वारात थर्मामीटर किंवा तिथून द्यायची औषधंही नकोत. तिथली नाजूक त्वचा खरचटली तर जंतूंना आयती वाट मिळते.

इतकी घाई कशाला, असं वाटू शकतं. कारण साधं आहे. ताप व्हायरसचा की बॅक्टेरियाचा, हे नुसतं बघून आईलाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही. न्यूट्रोफिल पडलेले असतील तर बॅक्टेरियाचा संसर्ग काही तासांत गंभीर होऊ शकतो. म्हणून हॉस्पिटलात पोचल्यावर शक्यतो तासाभरात अँटिबायोटिक सुरू करतात आणि शोध मागाहून घेतात. चार दिवसांनी ‘व्हायरलच होतं’ असं कळलं तर उगाच धावलो असं मनात आणू नका. ते धावणं उपचाराचाच भाग होतं.

आणखी एक लक्षात असू द्या. स्टेरॉइड चालू असताना ताप दबून राहू शकतो. अशा वेळी थर्मामीटर ९८ दाखवेल, पण पोर मलूल असेल, हातपाय गार असतील, हुडहुडी भरली असेल, श्वास जोरात चालला असेल, लघवी कमी झाली असेल. एरवी रात्री अकराला वडापाव मागणारं, भुकेनं वैतागलेलं पोर अचानक गप्प पडून राहिलं, तर आकड्याची वाट बघू नका.

मुंबईत राहणाऱ्यांचं एक वेळ ठीक आहे. पण परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून कुठकुठून माणसं येतायत. बीडहून, जळगावहून, चंद्रपूरहून, राज्याबाहेरूनही. उपचारांच्या कडक महिन्यांत कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतं, कुणाला २००६ पासून चालणाऱ्या सेंट ज्यूडच्या केंद्रात खोली मिळते. मग मेंटेनन्स सुरू होतो, मंडळी गावी परततात, आणि ताप नेमका तिथे येतो. म्हणून परतण्याआधी डॉक्टरांकडून एक पत्र मागून घ्या. मुलाचा आजार, चालू औषधं, ताप आल्यास कोणतं इंजेक्शन द्यायचं, कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यात असावं. गावाजवळचं कोणतं हॉस्पिटल हे इंजेक्शन रात्रीही देऊ शकेल, ते ताप नसतानाच जाऊन विचारून या. पत्र मागताना संकोच वाटतो, डॉक्टरांना घाई असते. तरी मागा.

आता कांजिण्या. आपल्या पिढीनं त्या बालपणातल्या सुट्टीसारख्या पाहिल्या. कडुनिंबाचा पाला, वेगळं अंथरूण, आणि अंगावर राहिलेला एखादा खड्डा. ल्युकेमियाच्या मुलात हाच व्हायरस त्वचेवर थांबत नाही. तो फुप्फुसात, यकृतात, मेंदूत पसरू शकतो. आज त्यावर औषध आहे, पण ते वेळेवर मिळायला हवं.

कांजिण्यांची लस शोधली ती जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी. १९६४ साली ते अमेरिकेत ह्यूस्टनला असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी गाठलं. अंगभर फोड, चढता ताप, आणि उशाशी बसलेले आईबाप. त्या अनुभवातून ते या कामाकडे वळले. १९७४ साली त्यांनी लशीबद्दल पहिल्यांदा लिहिलं, ते हॉस्पिटलमधल्या आजारी मुलांत कांजिण्यांची साथ कशी रोखली त्याबद्दल. ही लस मुळात घाबरलेल्या एका बापाच्या जागरणातून आली, हे मला फार जवळचं वाटतं.

पण केमो चालू असलेल्या आपल्या मुलाला ही लस देता येत नाही, कारण ती जिवंत व्हायरसची असते. तिचा आडोसा त्याला द्यायचा तो आजूबाजूच्यांनी, भावंडांनी, वर्गमित्रांनी. सरकारी लसीकरणात ती नाही, खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. सख्ख्या भावंडाला ती देता येते. दिल्यावर त्याच्या अंगावर पुरळ उठलं तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा.

कांजिण्या फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत पसरत राहतात. म्हणजे वर्गातल्या कुणाला आज फोड दिसले, तर काल आपलं मूल त्याच्या शेजारी बसलं होतं का, हे आठवायचं. बसलं असेल तर त्याच दिवशी फोन. मूल ठणठणीत दिसत असलं तरी. डॉक्टर कधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात, कधी ॲसायक्लोव्हिरसारखं औषध. ते इंजेक्शन जितकं लवकर तितकं चांगलं, फार तर दहा दिवसांच्या आत. संपर्कानंतर फोड यायला दहा ते एकवीस दिवस लागतात, इंजेक्शन दिलं असेल तर अठ्ठावीसपर्यंत. तेवढे दिवस डोळ्यांत तेल घालून अंग तपासायचं, आंघोळीच्या वेळी, गप्पा मारता मारता.

अशा शंकेनं हॉस्पिटलात जाल तेव्हा ओपीडीच्या बाकावर जाऊन बसू नका. आधी फोन करा, नाहीतर एकानं पुढे जाऊन दारात सांगा. त्या बाकांवर बसलेली बाकीची मुलंही आपल्याच मुलासारखी आहेत.

कांजिण्यांचीच मोठी बहीण म्हणजे नागीण. तोच व्हायरस म्हातारपणी पुन्हा डोकं वर काढतो. आपल्याकडे आजीच्या कमरेवर नागीण उठली की गेरूचा लेप लागतो आणि पदराआड सगळं झाकलं जातं. आजी बोलत नाही, कारण तिला आधीच अपराधी वाटत असतं, आणि नातू दूर होईल याची भीती असते. तिला रागावू नका. तिच्या हातात हात घेऊन सांगा की या फोडांतून बाळाला कांजिण्या होऊ शकतात, तुम्हीही औषध घ्या, खपल्या धरल्या की तो पुन्हा तुमच्याच कुशीत झोपेल. ओठावर तापाचे फोड उठलेल्या मामानंही तेवढे दिवस मुका घेऊ नये.

गोवर तर याहून चिवट. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी व्हायरस दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतो. लस न घेतलेली दहा माणसं संपर्कात आली तर नऊंना होतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली तेव्हा आमच्यासारख्या घरांची झोप उडाली होती. ल्युकेमियाच्या मुलाला गोवर झाला तर कधी अंगावर पुरळही उठत नाही, व्हायरस सरळ फुप्फुसात उतरतो. इथेही संपर्क आला की त्याच दिवशी कळवायचं. सहा दिवसांच्या आत प्रतिपिंडं देता येतात. आणि नवव्या महिन्यात व दीड वर्षाच्या सुमारास दिली जाणारी गोवराची लस आपल्या घरातल्या, नात्यातल्या, शेजारच्या प्रत्येक बाळाला मिळालीय ना, हे विचारण्यात लाज कसली?

फ्लूची लस पावसाळ्याच्या तोंडावर घरातल्या सगळ्यांनी टोचून घ्यावी. आपण मुलांची टोचून घेतो आणि स्वतःची ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहतो. रोज लोकलच्या गर्दीतून घरी येणारे तर आपणच असतो. पल्स पोलिओच्या रविवारी एवढंच करायचं की घरात केमोवरचं मूल आहे हे दारात आलेल्या ताईंना शांतपणे सांगायचं. तोंडावाटेच्या पोलिओ डोसात जिवंत व्हायरस असतो, म्हणून त्या मुलाला आणि त्याच्या भावंडांना पोलिओची लस इंजेक्शननं देतात. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचं पिंप हेही बघा. प्लेटलेट आधीच कमी असलेल्या मुलाला डेंग्यू परवडत नाही.

हे सगळं एक वेळ जमतं. अवघड जातं ते माणसांचं. भेटायला येणारी माणसं मायेनं येतात, नारळ आणि प्रसाद घेऊन येतात, मास्क हनुवटीवर ठेवून पोराचे गाल ओढतात आणि म्हणतात, ‘काही होत नाही गं, तू फार घाबरतेस.’ आणि आपण गप्प बसतो. वाईटपणा कुणी घ्यायचा? आमच्याकडे आता एक नियम आहे, ज्याचे नातेवाईक त्यानं सांगायचं. माझ्या मावशीला मी सांगते, नवऱ्याच्या काकांना नवरा सांगतो. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे तर खरंच असतं, ते जरूर पुढे करावं. ‘सर्दी बरी झाली की या, तो वाट बघतोय’ असं म्हटलं की बहुतेकांना लागत नाही. ज्यांना लागतं, त्यांचा रुसवा वर्ष-दोन वर्षांत निघतो.

आता मला ज्याच्यासाठी एवढं बोलायचं होतं ते. हे सगळं सांभाळताना आपली भीती मुलांच्या अंगात मुरते, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

परवा माझा लेक गाड्या मांडून खेळत होता. एकेका गाडीला सॅनिटायझर चोळत होता. लाल गाडीची पाळी आली तेव्हा माझ्याच सुरात तिला म्हणाला, ‘तू बाहेरून आलीयस ना? मग लांब बस.’ ती गाडी त्यानं पलंगाखाली एकटी ठेवून दिली आणि बाकीच्यांची रांग लावली.

आमची मोठी लेक शाळेतून शिंकत आली की दारातच थबकते. दप्तर खाली ठेवायच्या आधी विचारते, ‘आई, मी आज बाहेरच्या खोलीत झोपू?’ दहा वर्षांची आहे ती. बाई काय म्हणाल्या, डब्यातलं कुणी खाल्लं, हे सांगत तिनं घरात शिरायला हवं. भावाला ताप आला की ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. विचारायचं एकच असतं, मी दिला का त्याला?

म्हणून आपण शब्द जपून वापरू या. ‘हात लावू नकोस, आजारी पडशील’ याच्याऐवजी ‘चल, हात धुऊन येऊ, मग घे.’ आजारी मुलाला खरं सांगावं, पण थोडक्यात. ‘तुझ्या रक्तातले वॉचमन सध्या थोडे कमी आहेत, म्हणून आम्ही पहारा देतोय. तुझं काम खेळायचं.’ आणि मोठ्या भावंडाला स्पष्ट सांगावं, ‘सर्दी कुणी मुद्दाम आणत नाही. शिंक आली तर सांगायचं, एवढंच तुझं काम. बाकी सगळं आमचं.’ त्याच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवावी, जिथे काउंटचा विषयच निघणार नाही.

मुलाला लालबागचा गणपती बघायचा असतो. त्या गर्दीत नाही नेता येत. पण गल्लीतल्या मंडळाचा गणपती सकाळी सातला, मांडवात पुजाऱ्याशिवाय कुणी नसताना बघता येतो, आरतीचे टाळ त्याच्या हातात देता येतात. प्रत्येक ‘नाही’च्या मागे असा एखादा ‘हो’ शोधून ठेवायचा. शाळेचंही तसंच. मेंटेनन्समध्ये बरीच मुलं डॉक्टरांच्या परवानगीनं शाळेत जातात. आधी वर्गशिक्षिकेला भेटा आणि एकच विनंती करा, वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाला तर आम्हाला त्याच दिवशी फोन.

आणि ज्यांची मुलं, देवाच्या दयेनं, निरोगी आहेत त्या आई-बाबांना एक मागणं. आपल्या मुलाला फोड आले की आपल्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं, ‘पोटात दुखत होतं’ म्हणून सुट्टीची चिठ्ठी जाते. तसं नका करू. वर्गाच्या ग्रुपवर एक ओळ टाका, ‘आमच्याकडे कांजिण्या आहेत.’ तुम्हाला कुणी वाईट म्हणणार नाही. त्या ओळीमुळे एखादं मूल वेळेत दवाखान्यात पोचेल.

उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, आणि ही वर्षंही त्याच्या बालपणातलीच आहेत. तेव्हा याच वाटेवरच्या आई-बाबांनो, आज एवढं करा. हॉस्पिटलचा नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये, आजीच्यासुद्धा, सेव्ह करा. फाइल, शेवटचा सीबीसी, मोबाइलचा चार्जर आणि त्याची आवडती गाडी एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा. तापाचा आकडा फ्रिजवर लावा. एवढं झालं की आपलं काम आपल्याकडे आलं. मग डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्याला सायकल घेऊन खाली नेऊ या, आणि पडला, खरचटलं, तर साबण-पाण्यानं धुऊन पुन्हा सायकलवर बसवू या.